चकचकीत तबकडीची गोष्ट

[गाणे साठवण्याची आणि ऐकण्याची साधने काळाप्रमाणे बदलत गेली. १९८२ साली सीडी प्लेअर बाजारात आला, तेव्हा त्याच्याविषयी मोठमोठे दावे केले गेले. ते दावे कितपत खरे ठरले? लोकांनी या नव्या यंत्राचा स्वीकार का केला? याची माहिती या पाठात दिली आहे.]

मुलांनो, तुमच्या घरी एखादी जुनी सीडी आहे का? नसेल तर शेजारी विचारून पाहा. ती हातात घेऊन उजेडात धरा. तिच्या चकचकीत बाजूवर इंद्रधनुष्याचे रंग दिसतील. हे रंग कोणी रंगवलेले नाहीत. तिच्यात अतिशय बारीक रेघा आहेत. त्या रेघांमुळे प्रकाशातील रंग वेगवेगळे होतात. त्याच रेघांमध्ये गाणे साठवलेले असते.

गाण्याच्या अशा गोल चकतीला मराठीत 'तबकडी' म्हणतात. 'तबक' हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहेच. तबक म्हणजे मोठी थाळी. तबकडी म्हणजे लहान तबक.

सीडी नवीन होती तेव्हा फिलिप्स या कंपनीने तिची जाहिरात केली होती. त्या जाहिरातीचा अर्थ होता, 'निर्दोष आवाज, कायमचा'. केवढे मोठे वचन! आवाजात एकही दोष नाही आणि तो कधी बिघडणारही नाही. हे वचन खरे होते का? चला, आपण तपासून पाहू.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८७७ साली थॉमस एडिसन यांनी फोनोग्राफ तयार केला. त्यात आवाज एका नळकांड्यावर कोरला जाई. पुढे १८८७ साली एमिल बर्लिनर यांनी नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरली. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकात्यात, प्रसिद्ध गायिका गौहर जान यांचे गाणे अशा तबकडीसाठी ध्वनिमुद्रित झाले. त्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. मैफलीत जो राग तासभर रंगायचा, तो तीन मिनिटांत संपवावा लागे. गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीत सांगत. त्या काळी भारतातल्या या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर या गावी पाठवल्या जात. गाणे कोणाचे आहे हे तेथील कामगारांना त्या नावावरून कळे.

१९४८ साली एलपी नावाची मोठी तबकडी आली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वेळ गाणे मावू लागले. परंतु या सर्व तबकड्यांवर सुई घासत फिरे. सुई घासली की तबकडी झिजे. धूळ बसली की 'टक् टक्' असा आवाज येई. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली. ती स्वस्त होती आणि खिशात मावत होती. पण तिच्यात सतत बारीक 'स्स्स' असा आवाज ऐकू येई. हवे ते गाणे शोधण्यासाठी फीत पुढे-मागे करावी लागे. कधी ती फीत यंत्रात गुंतून बसे. मग पेन्सिल घालून ती गुंडाळत बसावे लागे. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांना हे नक्की आठवेल.

म्हणजे एलपीचा आवाज चांगला, पण ती जपायला कठीण. कॅसेट वापरायला सोपी, पण तिचा आवाज कमी प्रतीचा. आवाज आणि सोय, दोन्ही एकाच वस्तूत मिळतील का, असा प्रश्न अभियंत्यांपुढे होता.

८ मार्च १९७९ रोजी नेदरलँड्समधील आइंडहोव्हन या गावी फिलिप्सने आपला नवा प्लेअर लोकांना दाखवला. त्यात सुई नव्हती. त्यात होता लेसर, म्हणजे प्रकाशाचा एक बारीक किरण.

हा किरण गाणे कसा वाचतो? सीडीवर एकच लांब रेघ गोल गोल फिरत आतून बाहेर जाते. ती सरळ केली तर सुमारे पाच किलोमीटर लांब होईल! एक मिलिमीटर जागेत या रेघेचे सहाशेहून अधिक फेरे मावतात. या रेघेवर डोळ्यांना न दिसणारे खळगे असतात. लेसरचा किरण त्यांवर पडतो आणि परत फिरतो. खळग्याच्या कडेवर परत येणारा प्रकाश बदलतो. या बदलांवरून यंत्र १ आणि ० हे दोन अंक ओळखते. या दोन अंकांपासून मोठ्या संख्या तयार होतात आणि त्या संख्यांपासून आवाज तयार होतो.

संख्यांपासून आवाज? होय. तापलेल्या माणसाचा ताप आपण दर तासाला मोजून कागदावर लिहितो. नंतर ते आकडे पाहून ताप कसा चढला, कसा उतरला हे सांगता येते. आवाजाचेही तसेच आहे. आवाज म्हणजे हवेतील लहरी. सीडीसाठी या लहरी एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतात. डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज वेगवेगळा मोजतात. म्हणजे एका सेकंदात ८८,२०० संख्या होतात! माणसाचा कान सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू शकतो. लहर नीट पकडायची तर तिच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. म्हणून ४४,१०० ही संख्या पुरेशी ठरली.

आता एक वाद उभा राहिला. सीडी तयार करण्यासाठी फिलिप्स आणि जपानची सोनी कंपनी एकत्र आल्या होत्या. दोन्हींचे अभियंते कधी आइंडहोव्हनला, तर कधी टोकियोला भेटत. प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहायचे, यावर त्यांचे एकमत होईना. फिलिप्सचे म्हणणे होते, १४ बिट पुरेत. बिट म्हणजे ० किंवा १ यांची एक जागा. १४ बिटमध्ये आवाजाच्या १६,३८४ पायऱ्या होतात. सोनीचे म्हणणे होते, १६ बिटच हवेत. त्यात ६५,५३६ पायऱ्या होतात. पायऱ्या जितक्या बारीक, तितका आवाज मूळ आवाजाच्या जवळ जातो.

फिलिप्सची १४ बिटची चिप तयार होती. १६ बिट ठरले तर ती मेहनत वाया जाणार होती. तरीही १९८० साली १६ बिटच मान्य झाले. फिलिप्सचे अभियंते मात्र निराश होऊन बसले नाहीत. त्यांनी आपली १४ बिटची चिप टाकून दिली नाही. तीच चिप चौपट वेगाने चालवली. सीडीवरील प्रत्येक दोन मोजमापांच्या मध्ये आणखी तीन संख्या गणिताने काढल्या. म्हणजे एका सेकंदात ४४,१०० ऐवजी १,७६,४०० संख्या झाल्या. या युक्तीमुळे १४ बिटच्या चिपने जवळजवळ १६ बिटच्या चिपइतके काम केले.

१७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीतील लांगनहागन येथील कारखान्यात सीडी तयार होऊ लागल्या. हे गाव कोठे आहे ठाऊक आहे? हॅनोव्हरच्या अगदी जवळ! गौहर जान यांची तबकडी जेथे छापली गेली, त्याच भागात ऐंशी वर्षांनी ही नवी तबकडी जन्माला आली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानच्या बाजारात आला. त्याची किंमत होती १,६८,००० येन. ही किंमत सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. पुढच्या वर्षी फिलिप्सचा सीडी-१०० हा प्लेअर युरोपात आला.

आता जाहिरातीतला पहिला शब्द घेऊ : 'निर्दोष'. सीडीच्या आवाजात 'स्स्स' नव्हते, 'टक् टक्' नव्हते. सुरांची थरथर नव्हती. हळू वाजणाऱ्या वाद्यामागे खरीखुरी शांतता होती. हे सारे खरे होते. तरीही काही चोखंदळ श्रोत्यांनी तक्रार केली. ते म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे, पण कर्कश वाटतो. कान थकतात."

काही जाणकारांना ही तक्रार पटली नाही. पण तिच्यामागे काही खरी कारणेही होती. संख्यांपासून आवाज बनवताना त्यात काही नको असलेला भाग मिसळतो. तो गाळावा लागतो. सोनीच्या पहिल्या प्लेअरमध्ये ही गाळणी एकदम कडक होती. तिचा थोडा परिणाम हव्या असलेल्या आवाजावरही होई. फिलिप्सच्या चौपट वेगामुळे सौम्य गाळणी पुरत असे. म्हणजे जी युक्ती १४ बिटची उणीव भरून काढण्यासाठी शोधली, तिचा आणखी एक फायदा झाला. पुढे इतर कंपन्यांनीही ती युक्ती उचलली.

दुसरे कारण यंत्रातले नव्हतेच. अनेक जुनी गाणी एलपीसाठी तयार केलेल्या फितींवरून जशीच्या तशी सीडीवर उतरवली होती. एलपीला मानवेल असा बदल त्या आवाजात आधीच केलेला असे. सीडीने तो जसाच्या तसा ऐकवला. आरसा स्वच्छ असला, म्हणून चेहऱ्यावरचा डाग नाहीसा होत नाही. उलट तो अधिक स्पष्ट दिसतो.

आता दुसरा शब्द : 'कायमचा'. सीडीला सुई लागत नाही, म्हणून ती वाजवल्याने झिजत नाही. हे खरे आहे. लहानसा चरा पडला तरी गाणे थांबत नाही. याचे कारण फार गमतीचे आहे. समजा, तुम्ही मित्राला ४, ७ आणि ५ या संख्या पाठवल्या आणि सोबत त्यांची बेरीज १६ ही पाठवली. वाटेत ७ पुसला गेला. तरी मित्र हिशेब करील : १६ मधून ४ आणि ५ वजा केले की ७ उरतात. सीडीवरही गाण्याच्या संख्यांबरोबर अशा जादा संख्या लिहिलेल्या असतात. त्यांचे गणित आपल्या बेरजेपेक्षा कठीण आहे. ते रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडले होते. शिवाय शेजारशेजारच्या संख्या मुद्दाम दूर दूर विखुरलेल्या असतात. त्यामुळे एका जागी चरा पडला तरी सलग सगळे पुसले जात नाही. रेघेवर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचे नुकसान झाले तरी प्लेअर ते भरून काढतो.

पण यालाही मर्यादा आहे. मोठा चरा पडला की गाणे अडखळते. लेबलाखालचा धातूचा थर तर फारच नाजूक असतो. १९८८ ते १९९३ या काळात इंग्लंडमधील एका कारखान्यात तयार झालेल्या काही सीडी पुढे तपकिरी पडल्या. त्यांच्यावरचे लाखेचे आवरण पुरेसे चांगले नव्हते. आतला धातू खराब झाला आणि गाणी वाजेनाशी झाली. म्हणजे 'कायमचा' हे वचन पूर्ण खरे ठरले नाही.

मग लोकांनी सीडी का स्वीकारली? कारण जाहिरातीत नसलेला एक तिसरा शब्द होता : 'सोय'. फीत मागे-पुढे करायला नको, तबकडी उलटायला नको. बटण दाबले की सातवे गाणे, पुन्हा दाबले की दुसरे. सोनीच्या पहिल्या प्लेअरबरोबर दूरनियंत्रकही मिळत असे. खुर्चीत बसल्या बसल्या गाणे बदलता येई. एका सीडीवर ७४ मिनिटांचे संगीत मावे. तीन मिनिटांत कोंडलेला राग आता मोकळेपणाने गाता येणार होता.

पण सुरुवातीचे प्लेअर मोठे आणि महाग होते. म्हणून सोनीने अगदी लहान प्लेअर करायचे ठरवले. सीडीचे चार डबे एकावर एक ठेवले तर जेवढे होतील, तेवढेच यंत्र हवे, असे ठरले. तेवढ्या आकाराचा लाकडी ठोकळा अभियंत्यांना नमुना म्हणून दिला गेला. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये डी-५० हा प्लेअर आला. त्याची किंमत ५०,००० येनच्या आत होती. पहिल्या प्लेअरच्या किमतीचा तिसरा हिस्सासुद्धा नाही! अर्थात तोही निर्दोष नव्हता. त्याच्या आत बॅटरी नव्हती, तिची वेगळी पेटी बरोबर न्यावी लागे. चालताना धक्का बसला की गाणे उडी मारी. तरीही लोकांनी तो आनंदाने विकत घेतला. पुढे १९८८ साली अमेरिकेत सीडींची विक्री एलपीपेक्षा अधिक झाली.

मुलांनो, गोष्ट येथेच संपत नाही. सीडीवर एका सेकंदाच्या आवाजासाठी चौदा लाखांहून अधिक बिट लागतात. पुढे एमपी३ नावाची पद्धत आली. कानाला सहसा जाणवत नाही असा भाग तिने गाळून टाकला. तिच्यात त्याच सेकंदासाठी १,२८,००० बिटही चालत, म्हणजे सीडीच्या सुमारे अकरावा हिस्सा. गाणे हलके झाले आणि फोनमधून सहज जाऊ लागले. आज मोबाइलवर आपण बहुतेक वेळा असे गाळलेले गाणे ऐकतो. येथे लोकांनी आवाजाचा थोडा भाग सोडला आणि सोय निवडली.

यात कोणाची चूक आहे का? नाही. पण आपण काय घेतले आणि काय सोडले, हे माहीत असावे. म्हणून कोणतीही नवी वस्तू आली की तीन प्रश्न विचारा. ती खरोखर चांगली आहे का? ती किती टिकेल? तिच्यामुळे कोणती सोय होईल? एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला देऊ नका. वस्तू सोयीची आहे, म्हणून ती उत्तमच आहे असे नाही.

शेवटी एक प्रयोग करा. एकच गाणे दोन वेगळ्या साधनांवर लावा. मित्राला डोळे मिटायला सांगा आणि कोणते साधन वाजते आहे ते सांगू नका. मात्र दोन्हींचा आवाज सारखाच मोठा ठेवा. कारण जरा मोठा आवाज आपल्याला नेहमीच चांगला वाटतो. नंतर विचारा, "कोणता आवड​ला? का आवडला?" कदाचित त्याला फरक कळणारही नाही. कदाचित तो चटकन ओळखील. जे उत्तर येईल ते वहीत लिहा. जाहिरात काय म्हणते ते ऐकावे, पण निर्णय आपल्या कानांनी आणि आपल्या बुद्धीने घ्यावा.

शब्दार्थ

दावा – खरे आहे असे ठासून सांगितलेली गोष्ट
निर्दोष – ज्यात दोष नाही असा
ध्वनिमुद्रित होणे – आवाज साठवला जाणे
खळगा – लहान खड्डा
कंपन – थरथर, हालचाल
चोखंदळ – पारखून निवड करणारा
कर्कश – कानाला टोचणारा
उणीव – कमतरता
चरा – ओरखड्याची बारीक रेघ
दूरनियंत्रक – दुरून यंत्र चालवण्याचे साधन, रिमोट

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सपाट तबकडीचा वापर कोणी केला?
(आ) सीडीवरील रेघ सरळ केली तर किती लांब होईल?
(इ) सोनीचा पहिला सीडी प्लेअर बाजारात केव्हा आला?
(ई) डी-५० या प्लेअरचा आकार किती असावा असे ठरले होते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) गौहर जान गाण्याच्या शेवटी आपले नाव सांगत.
(आ) सुरुवातीच्या काही सीडींचा आवाज श्रोत्यांना कर्कश वाटला.
(इ) लहान चरा पडला तरी सीडी नीट वाजते.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) फिलिप्सच्या अभियंत्यांनी आपली १४ बिटची चिप कशी उपयोगात आणली?
(आ) 'निर्दोष आवाज, कायमचा' हे वचन कितपत खरे ठरले, असे तुम्हांला वाटते?

प्र. ४. हिशेब करा.
मित्राने ९, ३, ६ या संख्या आणि त्यांची बेरीज १८ पाठवली. वाटेत ६ पुसला गेला. तो कसा शोधाल?

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
वाया जाणे, एकमत होणे, भरून काढणे, जन्माला येणे

प्र. ६. पुढील शब्द उर्दूतही वापरतात. प्रत्येक शब्द वापरून मराठीत एक वाक्य लिहा.
आवाज, किंमत, कारखाना, कागद, तक्रार

उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या माणसांना ते लहानपणी गाणी कशावर ऐकत असत ते विचारा आणि दहा ओळी लिहून वर्गात वाचून दाखवा.